कुपवाडच्या पोरीचे कोर्ट कुठे आहे?

गुणवत्ता असली की माणूस वर येतोच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची या देशात कधीच वानवा नव्हती. आरक्षणाचा विषय निघाला की ही मंडळी हमखास खेळाच्या मैदानाकडे बोट दाखवतात. तिथे कुठे आहे आरक्षण? तिथे जो चांगला खेळतो तोच जिंकतो ना? असा त्यांचा सवाल असतो. आज आम्ही त्यांनी दाखवलेल्या दिशेनेच जाणार आहोत. त्यासाठी मैदानही असे निवडले आहे, की जिथे वशिल्याला सर्वांत कमी जागा आहे. ते म्हणजे बॅडमिंटनचे एकेरीचे कोर्ट. तिथे झेल सोडणारा सहकारी नसतो, गोलंदाजी न देणारा कर्णधार नसतो. जाळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. शटल जमिनीला टेकले की गुण गेला. कोर्टावर उभे राहिल्यानंतर गुणवत्तेचाच निकाल लागतो, हे आम्हाला मान्य आहे. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. त्या कोर्टापर्यंत पोचतो कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका तरुण महाराष्ट्रीय खेळाडूची कारकीर्द पाहू. मालविका बनसोड ही नागपूरची, म्हणजे दीक्षाभूमीच्या शहरातली डावखुरी खेळाडू. जन्म सप्टेंबर २००१ चा. २०१९ साली तिने मालदीव आणि नेपाळ येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत तिने ऑलिंपिक पदकविजेत्या सायना नेहवालला २१-१७, २१-९ असे सरळ हरवले, तेव्हा देशाचे लक्ष तिच्याकडे गेले. त्याच महिन्यात लखनौला सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती पी. व्ही. सिंधूसमोर उभी होती. तो सामना ती हरली. पण वयाच्या विसाव्या वर्षी ती कुठवर पोचली होती, ते सर्वांना दिसले. सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनमध्ये तिने पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती ग्रेगोरिया तुनजुंग हिला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी जर्मनीतल्या हायलो ओपनमध्ये ती अंतिम फेरीत खेळली. आणि जून २०२५ मध्ये इंडोनेशिया ओपनमध्ये गुडघा दुखावल्याने तिला सामना अर्धवट सोडावा लागला.

मालविकाची जात कोणती, याची चौकशी करणे हा आमचा धंदा नाही. तिच्या मनगटातली ताकद तिची स्वतःची आहे आणि तिच्या यशाचे आम्हाला निखळ कौतुक आहे. पण हे यश कसे घडले, हे पाहणे मात्र आमचे काम आहे. तिचे आई-वडील दोघेही दंतवैद्य. मुलीच्या खेळाला शास्त्रीय आधार हवा म्हणून आईने क्रीडाविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. प्रशिक्षणासाठी मुलीला रायपूरला न्यावे लागले, तेव्हा आई आपला व्यवसाय मागे ठेवून तिच्याबरोबर राहिली. त्या माऊलीला आमचा सलाम आहे. परंतु कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर राबणारी आई असे करू शकेल काय? एक दिवस खाडा झाला तर तिच्या घरात त्या दिवसाची मजुरी येत नाही. लेकीवरचे प्रेम दोघींचे सारखेच आहे. फरक मायेत नाही, ऐपतीत आहे. आणि ऐपत या देशात आकाशातून पडलेली नाही. कोणाला शिकू दिले, कोणाला जमीन दिली, कोणाला फक्त झाडू दिला, या इतिहासातून ती आली आहे.

या खेळाचा हिशेबच एकदा मांडून पाहा. शटल जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे. त्याला सोळा पिसे असतात. वाऱ्याच्या झुळकेने ते भरकटते, म्हणून खरा सराव उघड्यावर होत नाही. त्याला बंदिस्त आणि उंच छताची इमारत लागते, खाली लाकडी तळ लागतो, वर दिवे लागतात. पिसांचे शटल फार टिकत नाही. वरच्या दर्जाच्या सरावात एका दिवसात डबाच्या डबा संपतो आणि बारा चांगल्या शटलच्या डब्याला दोन हजार रुपयांच्या पुढे मोजावे लागतात. रॅकेट, तिची तार, बूट, कोर्टाचे भाडे, प्रशिक्षकाची फी हे सगळे वेगळेच. शाळकरी वयात शटल टोलवण्याचा छंद कोणालाही लागू शकतो. त्या छंदाचा व्यवसाय करायचा म्हटले की घराचा ताळेबंद आड येतो.

आणि एवढे करून खेळाडू तयार झाला तरी खरा खर्च पुढेच असतो. जागतिक क्रमवारी कशी ठरते, ते आमच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे. गेल्या बावन्न आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. क्रमवारी चांगली असेल तरच मोठ्या स्पर्धेत प्रवेश. क्रमवारी वर नेण्यासाठी आधी लहान स्पर्धा खेळायच्या. त्या आज नेपाळात, उद्या युरोपात, परवा आफ्रिकेत. तिथे बक्षिसाची रक्कम इतकी तुटपुंजी, की जिंकणाऱ्याच्याही विमानभाड्याला ती पुरेलच असे नाही. नाव होत नाही तोवर पुरस्कर्ता मिळत नाही आणि स्वखर्चाने हिंडल्याशिवाय नाव होत नाही. म्हणजे गुण मिळतात कोर्टावर, पण त्या कोर्टापर्यंतचे तिकीट बापाच्या खिशातून निघते. ज्याच्या बापाचा खिसा फाटका, त्याची गुणवत्ता विमानतळाच्या अलीकडेच बाद होते. तिची नोंद कुठल्याच क्रमवारीत होत नाही. मग हेच लोक म्हणणार, तुमच्यात गुणवत्ताच नाही!

हे आम्ही द्वेषापोटी बोलतो आहोत असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी पुलेला गोपीचंद यांचे म्हणणे आठवावे. २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणारे आणि सायना, सिंधू यांना घडवणारे हे प्रशिक्षक. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले, की घरची श्रीमंती नसेल तर पालकांनी मुलांना खेळाच्या व्यवसायात घालू नये. त्यावर बरीच चर्चा झाली. कोणी त्यांना निराशावादी म्हटले, कोणी व्यवहारी म्हटले. आम्ही म्हणतो, त्यांनी कबुलीजबाब दिला. ज्यांनी आयुष्यभर कोर्ट जवळून पाहिले, तेच सांगत आहेत की हा श्रीमंतांचा खेळ झाला आहे. मग खेळात शुद्ध गुणवत्ता चालते, या दाव्याचे काय उरले?

आता कुपवाडकडे या. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका स्थापन झाली. सांगलीला बाजारपेठ आणि नाट्यपरंपरा, मिरजेला संगीत आणि वैद्यकीय सेवा, आणि कुपवाडला कारखान्यांची धुरांडी अशी वाटणी आधीच झालेली होती. महापालिकेच्या नावात कुपवाड तिसरे आले आणि सोयींच्या रांगेतही ते तिसरेच उभे राहिले, ही तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. या वसाहतीत जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांतून पोट भरायला आलेली माणसे आहेत. मातंग आहेत, बौद्ध आहेत, मुस्लिम आहेत, धनगर आहेत, भटके आहेत. यांची पोरे पळण्यात कमी आहेत काय? यांच्या मुलींच्या नजरेला शटल दिसत नाही काय? आमचा महापालिकेला आणि जिल्ह्याच्या क्रीडा खात्याला थेट प्रश्न आहे. कुपवाडच्या कामगाराच्या मुलीला परवडेल असे, सार्वजनिक मालकीचे, प्रशिक्षक असलेले बॅडमिंटन कोर्ट कुठे आहे? दिवसातले किती तास ते तिच्यासाठी उघडे असते? त्याचा फलक कोणत्या भिंतीवर लावला आहे?

सांगली आणि बॅडमिंटन यांचे नाते काही नवे नाही. भारताच्या पुरुष एकेरीचे पहिले मोठे नाव म्हणजे नंदू नाटेकर. त्यांचा जन्म १९३३ साली सांगलीतलाच. १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी त्यांनी गाठली. १९५६ साली मलायातली सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा बॅडमिंटनमधला पहिला मान त्यांनाच मिळाला. २०२१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. अलीकडचे नाव घ्यायचे तर सुकांत कदम यांचे. हेही सांगली जिल्ह्याचेच सुपुत्र. लहानपणी क्रिकेट खेळताना गुडघा कायमचा दुखावला. पण हा गडी खचला नाही. दिव्यांगांच्या एकेरीत तो जगातल्या पहिल्या फळीत पोचला आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली. कांस्यपदकाचा सामना थोडक्यात हुकला. या दोघांच्या कर्तृत्वाबद्दल सांगलीकरांना अभिमान वाटतो तो योग्यच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. नाटेकरांचा खेळ बहरला तो सांगलीबाहेर आणि सुकांत कदम घडले ते पुण्यात. नाटेकर आणि कदम यांच्यामध्ये साठ वर्षांचे अंतर आहे. साठ वर्षांनंतरही जन्म सांगलीत आणि कोर्ट परगावी, ही स्थिती बदलली नाही. ज्याला परगावी जाणे परवडते तो जातो. ज्याला परवडत नाही त्याचे नाव आपल्याला कळतही नाही.

असे का झाले, याचे मूळ या खेळाच्या जन्मात आहे. बॅडमिंटनचे नाव इंग्लंडमधल्या एका सरदाराच्या वाड्यावरून आले असले, तरी एकोणिसाव्या शतकात या खेळाला आकार आला तो आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत. एके काळी या खेळाला ‘पूना’ असेच नाव होते. म्हणजे खेळ महाराष्ट्राच्या मातीतला. पण ती माती गोऱ्या साहेबांच्या जिमखान्याच्या कुंपणाआतली. त्याच पुण्याच्या जिमखान्यात १८९० च्या दशकात एक चर्मकार तरुण महिना चार रुपयांवर राबत होता. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळ्या बांधणे आणि टेनिसच्या कोर्टावर रेषा आखणे हे त्याचे काम. त्याचे नाव पळवणकर बाळू. रेषा आखायच्या त्याने आणि त्या रेषांच्या आत खेळायचे साहेबांनी! जिमखान्याच्या गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता बाळू देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. आणि मायदेशी सवर्ण हिंदूंच्या क्लबात त्याला चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीही दिले गेले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले, हाही इतिहास आहे. पण राजकारणातल्या विरोधाने मैदानावरचे कर्तृत्व पुसले जात नाही. बाळूंच्या आयुष्याचा धडा साधा आहे. मैदानाच्या आत पाऊल पडले, मग ते नोकर म्हणून का असेना, की बहुजनांची गुणवत्ता लपत नाही. लपवावे लागते ते मैदानच.

याचा पुरावा दक्षिण महाराष्ट्राने दिलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले, कुस्तीला आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली. त्या परंपरेच्या छायेत शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव वाढले आणि १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणले. तिथेही पैशाची अडचण आलीच. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले, तेव्हा कुठे तो प्रवास झाला. आणखी अलीकडे या. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला पहिले पदक मिळवून दिले ते सांगलीच्या संकेत सरगरने. वडिलांची पानटपरी. पोराने २४८ किलो वजन उचलले, कोपर दुखावले आणि एका किलोने सुवर्णपदक हुकले. पानटपरीवाल्याचा मुलगा वेटलिफ्टिंगमध्ये जागतिक पातळीवर जातो, कारण गावात व्यायामशाळा आहे, तिथे लोखंड आहे आणि लोखंड रोज बदलावे लागत नाही. तोच मुलगा बॅडमिंटनकडे वळला असता तर? शटलच्या पहिल्याच डब्यापाशी त्याची कारकीर्द संपली असती. गरिबांच्या मुलांना ताकदीचे खेळ आवडतात आणि श्रीमंतांच्या मुलांना चपळाईचे, असे काही निसर्गाने ठरवलेले नाही. ज्या खेळाचे दार उघडे, त्या खेळात आमची पोरे जातात. एवढेच.

तेव्हा उपाय काय, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली गोष्ट, महापालिकेच्या पैशातून बांधलेले प्रत्येक बंदिस्त कोर्ट ही जनतेची मालमत्ता आहे. ते ठेक्याने देऊन तासाच्या भाड्यावर चालवले, तर ते नावालाच सार्वजनिक उरते. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास महापालिका शाळांतल्या मुलामुलींसाठी विनामूल्य राखून ठेवावेत. शटल आणि प्रशिक्षक महापालिकेने द्यावा आणि वेळापत्रक दारावर लावावे. दुसरी गोष्ट, पूर्वी दलित वस्ती सुधार योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनांतून आमच्या वस्त्यांत रस्ते, गटारी आणि समाजमंदिरे होतात. ती झालीच पाहिजेत. पण कुपवाडसारख्या शहरी वस्तीत समाजमंदिराच्या जोडीने एक उंच छताचा हॉल का होऊ नये? सकाळी तिथे अभ्यासिका आणि संध्याकाळी कोर्ट. ठेकेदाराला फरशा बसवण्यात रस असतो, खेळाडू घडवण्यात नसतो. म्हणून मागणी वस्तीतूनच लेखी गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट राज्य सरकारची. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्या गरीब खेळाडूला ‘आधी खर्च करा, मग बिले सादर करा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत, त्याला मदतीची गरजच काय? ठराविक क्रमवारी गाठलेल्या आणि उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्या खेळाडूचे तिकीट शासनाने आगाऊ काढावे. चौथी गोष्ट दुखापतीची. मालविकाचा गुडघा दुखावला, सुकांतचे तर दुखापतीने आयुष्यच बदलले. एकेरीच्या खेळाडूला बदली खेळाडू नसतो. तो थांबला की त्याची मिळकत थांबते, गुण गळू लागतात. सुस्थितीतल्या घराला हा काळ निभावून नेता येतो. मजुराच्या घराला नाही. म्हणून जिल्हा पातळीपासून पुढे खेळणाऱ्या प्रत्येकाच्या विम्याची, शस्त्रक्रियेची आणि नंतरच्या व्यायामोपचाराची जबाबदारी शासनाने घ्यावी. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण २००५ पासून आहे. ते चांगलेच आहे. पण ते आहे पदक मिळाल्यानंतरचे. पदकाच्या आधीची वाट कोण राखून ठेवणार?

आणि शेवटी चार शब्द आपल्याच समाजाशी. १४ एप्रिलला कुपवाड, मिरज, सांगलीच्या वस्त्यांतून मिरवणुका निघतात. बाबासाहेबांची जयंती थाटातच झाली पाहिजे. त्यात कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु एका रात्रीत डॉल्बीच्या भिंतींवर उधळला जाणारा पैसा कोणाच्या घरी जातो, याचा हिशेब मंडळांनी करावा. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढला तरी वस्तीतल्या चार मुलींच्या बुटांची, रॅकेटची आणि वर्षभराच्या शटलची सोय होईल. नोकरीला लागलेल्या, शहरात स्थिरावलेल्या आमच्या बांधवांनी आपल्या मुलांना क्लबात घातले, याचा आम्हाला आनंद आहे. आता वस्तीतल्या एका मुलीची वर्षाची फी त्यांनी भरावी. समाजाचे ऋण फेडायचे म्हणजे काय, तर हेच. शिका आणि संघटित व्हा हा आदेश फक्त शाळेपुरता आणि सभेपुरता नाही. संघर्ष फक्त रस्त्यावर होत नाही. तो महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या पानावरही होतो. त्या पानावर क्रीडा या शीर्षकाखाली कुपवाडच्या नावे किती रुपये लिहिले आहेत, हे कुपवाडच्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात मागवावे आणि वस्तीच्या चौकात मोठ्या अक्षरांत लावावे.

आम्ही पदकाची भीक मागत नाही. जाळीच्या पलीकडे कोणीही असो, आमची मुलगी त्याच्याशी खेळेल, हरेल, पुन्हा खेळेल आणि जिंकेल. कोर्टावर तिला कसलीही सवलत नको. तिथली रेषा सर्वांना सारखी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या कोर्टाच्या रेषा आमच्या पूर्वजांनी आखल्या, त्याच्या दाराला लावलेले पैशाचे कुलूप काढा. ते निघाल्यावर गुणवत्ता कोणाच्या घरी राहते, त्याचा निकाल आपोआप लागेल.